मुतखड्यासाठीची सायट्रेटची बाटली: एकाच फडताळावरची दोन वेगळी औषधं

सोनोग्राफीत खडा दिसला की बहुतेक घरांत त्याच दिवशी एक बाटली येते. कधी डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, कधी मेडिकलवाल्याने "हे घ्या, विरघळून जाईल" म्हणत पुढे केलेली. बाटलीवर मूत्रपिंडाचं चित्र, आत गोडसर-खारट सिरप आणि ठरलेली मात्रा: दोन चमचे, दिवसातून तीनदा.

या परीक्षणात ब्रँडची नावं नाहीत, कारण खरा फरक ब्रँडमध्ये नाही. तो लेबलवरच्या बारीक अक्षरांत आहे. एकाच फडताळावर, जवळपास सारख्याच खोक्यांत दोन वेगळी औषधं उभी असतात. एकावर 'डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'पोटॅशियम सायट्रेट', सोबत सायट्रिक ॲसिड किंवा मॅग्नेशियम सायट्रेट. दोन्हींना 'अल्कलायझर' म्हणतात, म्हणजे लघवीचं आम्ल कमी करणारं औषध. म्हणूनच एक नसलं की दुसरं सहज हातात पडतं. मुतखड्याच्या रुग्णासाठी ही अदलाबदल चालत नाही.

सोडियमची बाटली

हे मुळात उन्हाळी लागल्यावरचं औषध आहे. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, तेव्हा दोन-तीन दिवस घ्यायचं. तेवढ्यापुरतं ते ठीक आहे. जळजळ जंतुसंसर्गाची असेल तर मात्र सिरपने तो जात नाही, लघवीची तपासणी आणि गरजेप्रमाणे अँटिबायोटिक लागतं. इथे आणखी एक चूक वारंवार दिसते. नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गावर नेहमी दिलं जाणारं औषध आम्लधर्मी लघवीत अधिक चांगलं काम करतं, आणि त्याच चिठ्ठीवर आम्ल मारणारं सिरपही असतं. अशी जोडी दिसली तर डॉक्टरांना विचारा.

आता महिनोन्‌महिने घेण्याचा हिशोब करू. लेबलवर ५ मिलीत साधारण १.४ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असेल, तर त्यात सुमारे २५० मिलिग्रॅम सोडियम येतं. दहा मिली तीनदा म्हणजे दिवसाला ३० मिली, म्हणजे जवळपास दीड ग्रॅम सोडियम. मिठाच्या मापात ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे रुग्णाला लोणचं-पापड बंद करायला सांगायचं आणि तेवढंच सोडियम बाटलीतून द्यायचं, असा हा प्रकार होतो.

सोडियमवर एवढा जोर देण्याचं कारण असं की शरीरात सोडियम वाढलं की मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आणि त्याच्यासोबत कॅल्शियमही लघवीत जास्त उतरतं. आपल्याकडचे बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. पोटॅशियम सायट्रेट घेतल्यावर लघवीतलं कॅल्शियम कमी होतं, सोडियम सायट्रेटने तो फायदा मिळत नाही. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा पायांना सूज असणाऱ्यांना सोडियमचा भार आणखी जड जातो.

निकाल: उन्हाळीसाठी दोन-तीन दिवस, हरकत नाही. खडा परत होऊ नये म्हणून रोज घ्यायला, नको.

पोटॅशियमची बाटली

खड्यांसाठी ज्याला पुरावा आहे ते हे औषध. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी पडतं अशा कॅल्शियमच्या खड्यांच्या रुग्णांवरची एक चाचणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. काहींना पोटॅशियम सायट्रेट दिलं, काहींना औषध नसलेल्या गोळ्या. तीन वर्षांत औषध घेणाऱ्यांचं नवा खडा होण्याचं प्रमाण माणशी वर्षाला १.२ वरून ०.१ वर आलं. दुसऱ्या गटाचं १.१ होतं ते १.१ च राहिलं.

ते काम कसं करतं हे समजलं की मात्रेचा गोंधळ मिटतो. आपण प्यायलेलं सायट्रेट तसंच्या तसं लघवीत उतरतं असा समज आहे, पण त्यातलं बहुतेक शरीरात बायकार्बोनेटमध्ये बदलतं. रक्तातलं आम्ल थोडं उतरलं की मूत्रपिंड स्वतःचं सायट्रेट परत शोषून घेणं कमी करतं, आणि ते लघवीत वाढतं. तिथे ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे ऑक्झलेटला जोडीदार कमी मिळतो आणि स्फटिक वाढायला अडथळा येतो. शिवाय लघवीचा पीएच, म्हणजे आम्ल किती ते सांगणारा आकडा, वर जातो (आम्ल जितकं कमी, तितका तो मोठा).

लिंबूपाणी याला पर्याय का ठरत नाही, तेही यातच आलं. लिंबात सायट्रिक ॲसिड भरपूर असतं, पण त्याच्यासोबत पोटॅशियम फार थोडं, म्हणून आम्ल उतरवण्याचं काम तोकडं पडतं. लिंबूपाणी जरूर प्या, निदान तेवढं पाणी तरी पोटात जातं. फक्त त्यात मीठ घालू नका.

लेबलवर शोधायची ओळ अशी: ५ मिलीत पोटॅशियम सायट्रेट ११०० मिलिग्रॅम, सायट्रिक ॲसिड ३३४ मिलिग्रॅम. याचा अर्थ ५ मिलीत १० एमईक्यू (मिलिइक्विव्हलंट, क्षार मोजण्याचं एकक) पोटॅशियम. डॉक्टर मात्रा एमईक्यूमध्ये मोजतात. चोवीस तासांच्या लघवीत सायट्रेट १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पण ३२० च्या खाली असेल तर दिवसाला ३० एमईक्यूपासून, आणि १५० च्याही खाली असेल तर ६० एमईक्यूपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. म्हणजे दिवसभरात १५ मिली किंवा ३० मिली, दोन-तीन वेळांत विभागून. "एक चमचा रात्री" अशी मात्रा प्रौढाला सहसा पुरत नाही. सायट्रेट किती आहे ते न मोजता लिहिलेलं "दोन चमचे तीनदा" कुणाला जास्त होतं, कुणाला बरोबर बसतं. मॅग्नेशियम किंवा बी-६ जीवनसत्त्व घातलेल्या बाटल्यांत पोटॅशियमचं प्रमाण वेगळं असू शकतं, त्यामुळे एका बाटलीचे मिली दुसरीला लावू नका.

घेण्याची रीत:

जेवण झाल्यावर, किंवा जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्या. मापाच्या झाकणाने मोजा, कारण घरातल्या चमच्यात ३ मिलीही मावतात आणि ७ मिलीही. मोजलेलं सिरप ग्लासभर गार पाण्यात मिसळून सावकाश प्या. झाकण थेट तोंडाला लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. त्याने पोटात आग होते, मळमळतं, आणि चार दिवसांत "मला हे औषध मानवत नाही" म्हणून बाटली कपाटात जाते. औषधाला दोष नसतो, पाणी कमी पडलेलं असतं. रात्रीची मात्रा चुकवू नका, कारण पहाटेची लघवी सगळ्यात घट्ट आणि सगळ्यात आम्ल असते.

चव खारट-कडवट आहे, आणि वरून घातलेल्या संत्र्या-रासबेरीच्या वासाने ती लपत नाही. मधुमेह असेल तर 'शुगर फ्री' पाहून घ्या. त्यात गोडीसाठी बहुधा सॉर्बिटॉल असतं, ते जास्त गेलं तर शौचाला पातळ होतं. शिवाय ३० मिली रोज म्हटलं की १०० मिलीची बाटली चौथ्या दिवशी रिकामी होते आणि महिन्याला नऊ लागतात. बहुतेकांचं औषध इथेच सुटतं, दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीनंतर.

गोळ्या

लांब पल्ल्यासाठी गोळ्या जास्त सोयीच्या. १०८० मिलिग्रॅमच्या एका गोळीत १० एमईक्यू, म्हणजे ५ मिली सिरपइतकं. त्या मेणाच्या जाळीत बसवलेल्या असतात आणि औषध हळूहळू सुटतं. म्हणून त्या चावायच्या नाहीत, मोडायच्या नाहीत, पाण्यात विरघळवायच्या नाहीत. ग्लासभर पाण्यासोबत अख्खी गिळायची, जेवणानंतर. गिळून लगेच आडवं होऊ नका. अख्खी गोळी शौचात दिसली म्हणून घाबरून बंद करणारेही असतात. ते मेणाचं रिकामं टरफल असतं, आतलं औषध केव्हाच गेलेलं असतं.

गिळायला त्रास होणाऱ्यांनी, पोटात अल्सर असणाऱ्यांनी, किंवा आतड्याची हालचाल मंदावणारी औषधं चालू असणाऱ्यांनी गोळी घेऊ नये, त्यांच्यासाठी पातळ केलेलं सिरपच बरं. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग चालू असेल तर आधी तो बरा करावा लागतो. परिणाम लवकर दिसतो: पहिल्या तासातच लघवीतलं सायट्रेट वाढू लागतं, एका मात्रेचा असर बारा तासांपर्यंत टिकतो, आणि नियमित घेतल्यास तिसऱ्या दिवशी तो शिखरावर येतो.

"विरघळतो" हे कुणाच्या बाबतीत खरं

कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा कोणत्याही सिरपने विरघळत नाही. सायट्रेट तिथे पुढचा खडा रोखतं, आहे तो नाहीसा करत नाही. विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, आणि तिथे हे औषध खरोखर अप्रतिम आहे. पीएच ५ ला लिटरभर लघवीत जेमतेम १००–१५० मिलिग्रॅम युरिक ॲसिड विरघळलेलं राहू शकतं, पीएच ७ ला त्याच्या साधारण दहापट. लघवीचं आम्ल उतरवलं की शस्त्रक्रियेशिवाय, काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत खडा वितळताना सोनोग्राफीत दिसू शकतो.

हा खडा ओळखायच्या खुणा: साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, पण सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतो. सीटीच्या अहवालात 'हाऊन्सफील्ड युनिट' नावाचा, खडा किती दाट आहे ते सांगणारा आकडा असतो. युरिक ॲसिडचा खडा बहुधा ५०० च्या खाली असतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा बऱ्याचदा ८००–१००० च्या वर. लघवीचा पीएच कायम ५.५ च्या खाली असणं ही दुसरी खूण. वजन जास्त, मधुमेह किंवा गाऊट असेल तर ही शंका आधी घ्यावी. अहवालात हाऊन्सफील्डचा आकडा नसेल तर तो मागून घ्या, रेडिओलॉजिस्टला तो त्याच स्कॅनवरून काढता येतो.

या बाटलीसोबत जी वस्तू हमखास घ्यायला हवी आणि जवळजवळ कुणी घेत नाही, ती म्हणजे पीएचच्या पट्ट्या. दहा गोष्टी तपासणारी मोठी लघवीची पट्टी नको, त्यातला पीएचचा रंग फार ढोबळ असतो. ५ ते ८ च्या दरम्यान छोट्या टप्प्यांनी रंग बदलणारी पट्टी घ्या. लघवी ताजी हवी. तासभर ठेवलेल्या लघवीचा पीएच आपोआप चढतो आणि तुम्ही उगाच समाधान मानता. डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनंतरच रंग जुळवा, ट्यूबलाइटखाली नाही तर दिवसाच्या उजेडात. डब्याचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या आठवड्याभरात खराब होतात. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी आणि झोपताना, असे तीन आकडे वहीत लिहा.

खडा परत होऊ नये म्हणून पीएच ६ ते ६.५ हवा. युरिक ॲसिडचा खडा विरघळवायचा असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ६.५ ते ७.२. सिस्टिनच्या दुर्मीळ खड्यात त्याहून वर. पण पीएच कायम ७ च्या पुढे राहिला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे व्हायची शक्यता वाढते. एक खडा घालवायला घेतलेली बाटली दुसरा घडवू शकते, म्हणून पट्टी हवी.

आणि एक प्रकार असा, जिथे ही बाटली सरळ चुकीची आहे. जंतुसंसर्गातून होणारा स्ट्रुव्हाइटचा खडा. प्रोटिअससारखे जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतात, पीएच आधीच ७ च्या वर गेलेला असतो. त्यात आणखी आम्ल उतरवून काय मिळणार? असा खडा शस्त्रक्रियेने पूर्ण काढावा लागतो.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये

६० एमईक्यू म्हणजे दिवसाला जवळपास २.३ ग्रॅम पोटॅशियम, पाच-सहा केळ्यांएवढं. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. रक्तातलं क्रिएटिनीन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, तेही आधी कसलीही जाणीव न देता. हाच धोका रक्तदाबाच्या काही औषधांसोबत असतो: टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, आणि स्पायरोनोलॅक्टोन. टेल्मिसार्टनची गोळी आज कितीतरी घरांत आहे, आणि मेडिकलवर सायट्रेट मागताना तिचा विषय निघत नाही. तुम्हीच काढा.

सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनीन आणि पोटॅशियम तपासा, सुरू केल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि लांब चालणार असेल तर साधारण दर चार महिन्यांनी. ॲसिडिटीसाठी ॲल्युमिनियम असलेलं सिरप घेत असाल तर ते सायट्रेटसोबत घेऊ नका, सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम जास्त शोषलं जातं. सायट्रेट चालू असताना वरून खायचा सोडा घेऊ नका, तो पुन्हा सोडियमच.

बाटलीने जे होत नाही

कळ थांबत नाही. खडा मूत्रवाहिनीत अडकला की उठणारी कळ वेदनाशामक औषधाने थांबते. खड्याच्या मापावर पुढचं ठरतं: ५ मिलिमीटरपर्यंतचे सुमारे दोन तृतीयांश खडे आपणहून पडतात, ५ ते १० मिलिमीटरचे साधारण निम्मे. वाहिनीच्या खालच्या भागात ५ ते १० मिलिमीटरचा असेल तर डॉक्टर टॅमसुलोसिन देतात. ती वाट मोकळी करणारी गोळी आहे, सायट्रेटशी तिचा संबंध नाही. चार ते सहा आठवड्यांत खडा पडला नाही तर थांबत बसू नये, मूत्रपिंडावर दाब येत राहतो.

कळीसोबत थंडी-ताप असेल, लघवी बंद झाली असेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अडकलेल्या खड्यामागे पू झाला असेल तर आधी स्टेंट किंवा नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी लागते, खडा नंतर काढतात. तिथे काही तासही महत्त्वाचे असतात.

पाण्याचं कामही बाटली करत नाही. मोजायचं ते प्यायलेलं पाणी नाही, झालेली लघवी. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतावर किंवा बाहेर काम करणाऱ्याला त्यासाठी किती प्यावं लागेल याचा एकच आकडा सांगता येत नाही, घामावर अवलंबून आहे. सुट्टीच्या दिवशी एकदा मापाच्या भांड्यात लघवी मोजून पाहा, अंदाज कळतो. आणि दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं, ते काढून टाकलं की उलट ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. पालक, अळू आणि चाकवत यांची ताटली मात्र आवरती घ्या, खायचीच असेल तर दह्यासोबत.

बाटलीआधी घ्यायच्या दोन तपासण्या

पहिली, चोवीस तासांची लघवी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या पहिल्या लघवीसह. एक जरी वेळ बाहेर गेली तरी अहवाल फसवा येतो. म्हणून अहवालात क्रिएटिनीनचा आकडाही हवा, त्यावरून जमवणं पूर्ण झालं की नाही ते कळतं. लॅबला आधी विचारा की सायट्रेट, ऑक्झलेट, कॅल्शियम, युरिक ॲसिड आणि सोडियम हे सगळं त्यात आहे का. सायट्रेट सगळीकडे होत नाही, आणि तेच नसलं तर या बाटलीबाबत त्या अहवालातून फारसं हाती लागत नाही. सायट्रेट ३२० मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर ते कमी समजतात.

दुसरी, खड्याची तपासणी. कळ सुरू झाल्यापासून प्रत्येक लघवी चहाच्या वेगळ्या ठेवलेल्या बारीक गाळणीतून करा. खडा सापडला की धुऊन, कागदावर कोरडा करून छोट्या स्वच्छ डबीत ठेवा. ओल्या कापसात गुंडाळू नका, स्पिरिटमध्ये किंवा फॉर्मेलिनमध्ये तर मुळीच नाही. वाळूएवढा कण असला तरी चालतो. लॅबमध्ये 'एफटीआयआर' पद्धतीने (इन्फ्रारेड किरणांनी खड्यातले घटक ओळखून) तपासणी होते का ते विचारून द्या. दुर्बिणीने खडा काढला असेल तर त्याचे तुकडे शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्या, नंतर ते मिळत नाहीत. अहवाल मिळाला की त्याची एक प्रत बाटलीच्या चिठ्ठीसोबत टाचून ठेवा, पुढच्या वेळी मेडिकलवर जाताना दोन्ही बरोबर न्या.